अध्यक्ष बोलणार नाहीत

ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षाचं काम काय असतं? बोलायचं. वर्धापनदिनाला बोलायचं, कुणी गेलं की श्रद्धांजलीला बोलायचं, आणि शिष्टमंडळ घेऊन एखाद्या कचेरीत गेलो की खुर्ची पुढं ओढून 'तालुक्यातल्या समस्त ज्येष्ठांच्या वतीनं' अशी सुरुवात करायची. आमच्या संघाला आजवर चार अध्यक्ष झाले. त्यातल्या तिघांनी हे काम अगदी मन लावून केलं. चौथ्या सिस्टर. त्या साहेबांच्या समोर जाऊन गप्प बसायच्या.

मी संघाचा सेक्रेटरी. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालो, त्याच महिन्यात हे माझ्या गळ्यात पडलं आणि अजून उतरलेलं नाही. दरवर्षी सभेत मी म्हणतो, आता दुसऱ्या कुणीतरी करा. सगळे टाळ्या वाजवतात आणि मलाच पुन्हा निवडतात. सतरंज्या अंथरायच्या, निवेदनं लिहायची, त्यांच्या झेरॉक्स काढायच्या, वारल्याचे निरोप पोचवायचे. हल्ली या शेवटच्या कामालाच जास्त वेळ जातो. मी हे कौतुक करून घ्यायला सांगत नाही. मी दमलोय, एवढंच सांगतोय.

सिस्टर मूळच्या सांगलीकडच्या. मिरजेला नर्सिंग शिकल्या आणि उभी नोकरी आमच्या दुष्काळी भागातल्या आरोग्य केंद्रांत काढली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भावाकडं सांगलीला जातील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण त्यांनी इथंच बाजारपेठेच्या मागं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, संघाच्या रजिस्टरात मीच ते माझ्या हातानं लिहिलंय. पण निम्म्या तालुक्याची बाळंतपणं ज्या बाईनं केली तिला नावानं कोण हाक मारणार? सत्तरीचे बाप्येही सिस्टरच म्हणायचे.

नोकरीभर पांढरं नेसल्या, आता पुरे, असं म्हणून त्या नंतर जे रंग नेसायला लागल्या ते बघून आमच्या संघातल्या निवृत्त सुभेदारांच्या डोळ्यांना त्रास व्हायचा. पोपटी, हळदी, राणी कलर. मयताला सुद्धा तसंच. एकदा एका मयताला त्या केशरी लुगड्यात आल्या, तेव्हा कुणीतरी मला बाजूला घेऊन म्हणालं की तुम्ही सेक्रेटरी आहात, तुम्ही सांगा. मी काय सांगणार? त्या मेलेल्या माणसाच्या उशाशी चार रात्री बसल्या होत्या, आम्ही कुणी बसलो नव्हतो.

त्या अध्यक्ष कशा झाल्या तेही सांगतो. त्या वर्षी सुभेदार आणि एक निवृत्त हेडमास्तर यांची त्या खुर्चीवरून जुंपली. दोघंही मागं हटेनात. शेवटी कुणीतरी म्हणालं, सिस्टरना करा, त्या काही बोलत नाहीत. ते खरं निघालं.

मंगळवारी सकाळी त्या हॉलच्या कोपऱ्यात बीपी तपासायला बसायच्या. सगळ्यांना त्यांचा नियम माहीत होता आणि सगळ्यांना त्याचा वैताग होता. एखादा मुलगा बापाला गाडीवर बसवून घेऊन यायचा आणि उभ्या उभ्याच सुरू करायचा, "सिस्टर, आबांना झोप येत नाही बघा. काहीतरी गोळी द्या."

"दुखतंय कुणाला?" सिस्टर विचारायच्या.

"आबांना."

"मग सांगणार कोण?"

एवढं विचारून त्या बडीशेपेचे चार दाणे तोंडात टाकायच्या आणि आबांकडं बघत बसायच्या. मुलगा हसायचा, घड्याळ बघायचा, परत काहीतरी बोलायला जायचा. सिस्टर नुसता हात वर करायच्या. दोन मिनिटं जायची, कधी पाच जायची. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. मला तर ते बघूनच घाम फुटायचा. एका आबांनी असाच खूप वेळ घेतला आणि मग खाली बघत सांगितलं, "झोप लय येती वो. पर ह्यो बाराएक वाजंस्तवर टीव्ही लावतुय मोठ्यानं. माझी खाट टीव्हीम्होरंच हाय."

मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं. सिस्टरनी गोळी दिली नाही. बीपीचा आकडा त्यांनी आबांच्याच कानात सांगितला आणि मुलानं विचारलं तर म्हणाल्या, "त्यांचं बीपी आहे. त्यांना वाटलं तर सांगतील."

सुभेदारांची गत याहून वाईट झाली. लष्करात जन्म गेलेला माणूस, घरात त्यांच्याशिवाय कुणी बोलत नसे. वर्धापनदिनाला बायकोला घेऊन यायचे, पण पेढे वाटले की वहिनींच्या पुढ्यातला पेढा तेच उचलायचे आणि म्हणायचे, हिला गोड चालत नाही. सिस्टरनी एकदा वहिनींना विचारलं, "खरं का?" आणि बडीशेप चघळत थांबल्या. वहिनींनी आधी नवऱ्याकडं बघितलं, मग सिस्टरकडं बघितलं, मग म्हणाल्या, "चालतं की. ह्यास्नीच दोन लागत्यात." हॉल इतका हसला की सुभेदार आठ दिवस आले नाहीत.

लोकांना राग यायचा, पण येणं कुणी बंद केलं नाही. उलट बायका यायला लागल्या. आधी आमचा संघ म्हणजे पेपर वाचणाऱ्या आणि राजकारणावर भांडणाऱ्या बाप्यांचाच होता. घरी आपल्याला कुणी काही विचारत नाही, इथं निदान विचारतात तरी, असं बायकांना वाटलं असावं. त्यांना काय वाटलं ते मी सांगू नये खरं तर. सिस्टर इथं असत्या तर म्हणाल्या असत्या, त्यांना विचारा.

वाढदिवसांचा घोळही त्यांनीच घातला. संघात दर महिन्याच्या एक तारखेला त्या महिन्यातल्या वाढदिवसवाल्यांना गुलाबाचं फूल द्यायचं अशी पद्धत होती. आमच्या पिढीचा वाढदिवस कधी? एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांना तीच तारीख टाकलेली. त्यामुळं जूनमध्ये हॉलला जत्रेचं रूप यायचं आणि बाकीचे अकरा महिने गुलाब घ्यायला कुणी नसायचं. मला ते फार सोयीचं होतं, एकदा फुलं आणली की वर्षाची काळजी मिटली. सिस्टर म्हणाल्या, ही तारीख मास्तरांची झाली, आई काय सांगायची ते सांगा. आणि एकेकाला विचारत बसल्या. कुणी म्हणालं, बेंदराच्या आदल्या दिवशी, बैल धुऊन आणले तेव्हा. कुणी म्हणालं, शाळू काढायला आला होता. एक म्हातारी म्हणाली, थोरल्या म्हशीला रेडकू झालं त्याच दिवशी, आई म्हणायची दोगींचंबी बरं झालं. हे सगळं मला लिहून घ्यावं लागलं. त्यानंतर वर्षभर मी शाळू कधी काढायला येतो ते बघून गुलाबाची ऑर्डर देत होतो. म्हाताऱ्या माणसांचे डोळे मात्र त्या दिवशी भरून यायचे, हे मला मान्य केलं पाहिजे.

एसटी स्टँडची गोष्ट सांगितल्याशिवाय सिस्टर कळायच्या नाहीत.

एसटीची पायरी उंच असते. म्हातारी माणसं चढेपर्यंत कंडक्टर घंटी मारतो, त्यात दोघी पडल्या. मग संघानं निवेदन द्यायचं ठरवलं. ते मी लिहिलं. माझी भाषा कारखान्यात वाखाणलेली आहे. पायरीला लाकडी चौरंग ठेवावा, फलाटावर बाक वाढवावेत, कंडक्टरांना सूचना द्याव्यात, असे मुद्दे काढले. सिस्टर आठ बायका घेऊन निघाल्या आणि कागद धरायला मला बरोबर घेतलं. त्या आठांत हौसाक्का होत्या. वाडीवरून रोज एसटीनं बाजाराला येणारी, भाजी विकणारी विधवा बाई, पंचाहत्तरच्या पुढची, वाकलेली, तोंडानं एकदम खणखणीत.

स्टँडवरच्या साहेबांनी आमचं चांगलं स्वागत केलं. बायकांना बसवलं, चहा सांगितला आणि सिस्टरना म्हणाले, "बोला मॅडम."

सिस्टर म्हणाल्या, "मी चालत येते बाजारात. मला एसटीचा त्रास नाही. यांना आहे." आणि बडीशेप काढली.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी कागद पुढं करायला उठलो, सिस्टरनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं. आठही बायका पदर सावरत बसलेल्या. कुणी बोलेना. चहा आला, चहा पिऊन झाला. साहेबांनी दोनदा फोन घेतला. मला वाटायला लागलं की आता आपण उठून जावं आणि पुन्हा या माणसाला तोंड दाखवू नये. तेवढ्यात हौसाक्कांनी कपबशी खाली ठेवली.

"आवं सायेब," त्या म्हणाल्या, "पायरीचं ऱ्हाऊ द्या. हाताला धरून चढू आमी. हितं बाईमाणसानं मुतायला कुटं जायाचं त्येवडं सांगा."

साहेब दचकले. म्हणाले, "आहे की आजी, स्वच्छतागृह आहे मागं."

"त्येला कुलूप हाय. किल्ली तुमच्या मानसांकडं. मागाया गेलं तर म्हनत्यात, घान करता. सकाळधरनं पानी प्येत न्हाई मी बाजारच्या दिवशी. उन्हात बसती, पर पानी प्येत न्हाई."

मग बाकीच्या सात जणी एकदम बोलायला लागल्या. एकीला पाणी न पिऊन मूतखडा झाला होता. एक लेकीकडं फलटणला जाणं सोडून बसली होती, कारण वाटेत काय करायचं. हे मला ठाऊक नव्हतं. मी घरोघर फिरून माहिती काढली होती, निवेदनात सात मुद्दे होते, आणि हा नव्हता. साहेबांनी आमच्यादेखत माणूस बोलावून कुलूप काढायला लावलं. निवेदन माझ्या हातातच राहिलं. परत येताना सिस्टर मला म्हणाल्या, "तुमचं अक्षर छान आहे, सेक्रेटरी." त्यांना टोमणा मारायचा नव्हता, त्या खरंच तसं म्हणाल्या. मला मात्र ते फार लागलं.

आता हॉलची गोष्ट. ती सांगावीशी वाटत नाही.

ज्या हॉलमध्ये आम्ही बसायचो तो नगरपंचायतीचा. सकाळ-संध्याकाळ तो आम्हाला मिळायचा. तिथं स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका करायचं घाटत होतं. आम्ही तिथल्या साहेबांकडं शिष्टमंडळ घेऊन गेलो. सुभेदारांनी आदल्या दिवशी सिस्टरना बजावलं होतं, "हितं तुमचा त्यो मौनाचा खेळ नको. डायरेक्ट बोलायचं. लढाई हाय ही."

सिस्टर म्हणाल्या, "हॉल कुणाला हवाय?"

"सगळ्यास्नी."

"मग सगळे बोलतील."

आणि सगळे बोलले. पहिल्या आबांनी सांगितलं की हॉल पाहिजे, घरात बसायला जागा न्हाई. दुसऱ्यांनीही तेच सांगितलं. तिसरे आमचे सगळ्यात जुने सभासद, नव्वदीला टेकलेले. ते म्हणाले, "आता सिस्टरनी खरं बोला म्हनलंय म्हनून बोलतो. माझा नातू दोन वर्सं झाली परीक्षा देतुय. घरात सात मानसं, त्यो गोठ्यात बल्ब लावून वाचतो. पोरास्नी जागा पायजे, सायेब. आमी काय, झाडाखाली बी बसू."

त्यांच्या नंतरच्या दोघांनीही माना हलवल्या. पोरांचंबी खरं हाय, म्हणाले. सुभेदार ओरडले, पण आता काय उपयोग? हॉल गेला. तेव्हापासून आम्ही स्टँडसमोरच्या बागेत बसतो. बाक दोन, माणसं तीस-पस्तीस. थंडीत आणि पावसाळ्यात कुणी येत नाही. न येणाऱ्यांतले काही पुन्हा आलेच नाहीत.

सुभेदारांनी त्या दिवशी बाहेर आल्यावर सिस्टरना तोंडावर सांगितलं, "तुमी चार शब्द बोलला असता तर हॉल ऱ्हायला असता."

"राहिला असता," सिस्टर म्हणाल्या. "खरं आहे."

त्यांनी माफी मागितली नाही आणि समर्थनही केलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता. अजूनही बागेत एखादा म्हातारा उभ्यानं पेपर वाचताना दिसला की येतो. आणि त्या नव्वदीच्या आबांना गप्प बसवायला हवं होतं का असं कुणी मला विचारलं, तर तेही मला म्हणवत नाही.

हॉल गेल्यानंतरच्या पावसाळ्यात मी एका कागदावर सही घ्यायला त्यांच्या खोलीवर गेलो होतो. त्या लसणीची चटणी कुटत बसल्या होत्या. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत तुळस आणि कोरफड. मी सहज म्हणालो, सिस्टर, तुम्ही सांगलीला का जात नाही, भावाचा मुलगा बोलावतो ना. त्यांनी हात थांबवला.

"नोकरीत अकरा वेळा क्वार्टर बदललं," त्या म्हणाल्या. "सरकार सांगेल तिथं गेले. ही पहिली जागा मी निवडली. भाचा चांगला आहे, पण तो मला कुठंतरी ठेवेल. मला कुणी ठेवायला नको आहे. इथंच राहायचंय मला, शेवटपर्यंत. अंथरुणाला खिळले तरी इथंच. कुणीतरी पेज भरवेल, नाही भरवली तरी चालेल."

"मग हे भाच्याला सांगून ठेवा."

"वेळ आली की सांगेन की. माझं तोंड आहे." मग मुसळी पुन्हा उचलताना म्हणाल्या, "तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

त्यानंतर वर्ष गेलं असेल. एका मंगळवारी सिस्टर बागेत आल्या नाहीत. हौसाक्का भाजीची पाटी ठेवून बघायला गेल्या, तर सिस्टर स्टोव्हपाशी पडलेल्या. अर्धांग गेलं होतं आणि वाचा गेली होती. आम्ही त्यांना साताऱ्याला एका दवाखान्यात हलवलं आणि सांगलीला फोन केला.

भाचा लगेच आला. पन्नाशीचा, सांगलीत हार्डवेअरचं दुकान, खरोखर सज्जन माणूस. दहा-बारा दिवस तो दवाखान्यातच होता. डॉक्टर म्हणाले, जिवाचं भय टळलंय, पण आता यांचं सगळं अंथरुणात करावं लागेल. त्या दिवशी त्यानं मला वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसवलं.

"काका, मिरज रोडला एक चांगली जागा आहे," तो म्हणाला. "नर्स आहेत, व्यायाम घेतात, डॉक्टर रोज येतात. घरी ठेवली असती, पण माझ्या आईचंच बायको करते. आत्याचं आमच्याशी बोलणं कमी. तुमच्याशीच असायचं. तिची काही इच्छा होती का? तुम्हाला कधी काही बोलली होती?"

तो विचारत होता, हे मला नीट सांगितलं पाहिजे. त्यानं काही ठरवून टाकलं नव्हतं. मी सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं.

मी म्हणालो, "त्यांनाच विचारा. त्यांचा तसा नियमच होता. ज्याचं त्यानं सांगायचं."

"काका, तिला बोलता कुठं येतंय?"

"तरी विचारा."

आम्ही दोघं आत गेलो. सिस्टर जाग्या होत्या. भाचा खाटेवर बसला, त्यांचा हात हातात घेतला. "आत्या, सांगलीला येतेस ना? चांगली सोय आहे. मी रोज येत जाईन."

सिस्टरनी तोंड उघडलं. एक बाजू वर गेली, एक खाली राहिली. घशातून नुसता आवाज आला. परत प्रयत्न केला, परत तोच आवाज. भाचा थांबला, चांगला थांबला तो, मी खोटं बोलणार नाही. मग सिस्टरनी मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं.

त्या खूप वेळ माझ्याकडं बघत होत्या. मी सलाइनच्या बाटलीकडं बघत होतो. एकेक थेंब पडत होता.

"तिची हरकत दिसत नाही," भाचा शेवटी म्हणाला. मी मान हलवली.

खोली रिकामी करताना आम्ही तिघंचौघं होतो. सामान एका टेम्पोच्या कोपऱ्यात मावलं. त्या संध्याकाळी बागेत हौसाक्कांनी मला सगळ्यांसमोर धरलं.

"त्यास्नी न्यायचं कुनी ठरिवलं?"

"त्यांना विचारलं, हौसाक्का. भाच्यानं माझ्यासमोर विचारलं."

"आन् त्या बोलल्या?"

"त्यांना बोलता येत नाही ना."

"मग तुमी काय करत हुता तितं? तुमाला येतंय न्हवं बोलाया?"

मी म्हणालो, त्यांचा नियम होता. हौसाक्का पाटी उचलून एसटीकडं निघाल्या.

साडेतीन महिने मी सांगलीला गेलो नाही. कारणं होती. घरी बायकोला कंपवात आहे. तिला सकाळी उठवण्यापासून रात्री कूस बदलण्यापर्यंत सगळं मीच करतो. मुलगा पुण्यात आहे, फोन करतो. एक दिवस मेहुणी आली म्हणून मला मोकळीक मिळाली आणि सातारा स्टँडवरून सांगलीची गाडी धरली. कराड येईपर्यंत मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. तुमचाच नियम पाळला, सिस्टर. तुमच्या तोंडचं मी कसं बोलणार? असंच होतं सगळं, आणि ऐकायला बरं वाटत होतं.

जागा खरंच स्वच्छ होती. सिस्टर खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. वाळल्या होत्या. रोज कुणीतरी शिकवायला येत होतं म्हणे, त्यामुळं थोडे शब्द परत आले होते, एकेक करून, मध्ये बरंच अंतर ठेवून. मी संघाच्या बातम्या सांगितल्या. सुभेदारांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नव्वदीचे आबा गेले, त्यांचा नातू तलाठ्याच्या परीक्षेत पास झाला. हे शेवटचं ऐकून त्यांचा चेहरा एका बाजूनं हसला. मग बातम्या संपल्या.

"तुम्हाला," त्या म्हणाल्या. मी वाट बघितली. "माहीत... होतं."

मी पाठ केलेलं बोलायला तोंड उघडलं. त्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. मंगळवारी कुणाही आबांकडं बघत बसायच्या तसंच बघत होत्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. खाली रस्त्यावर रिक्षा थांबली, गेली.

"होतं," मी म्हणालो. "सिस्टर, मी सांगितलं असतं की यांना इथंच राहायचंय, तर पुढचा प्रश्न आला असता, करणार कोण. आणि तो माझ्याकडं आला असता. घरी एकीचं करतोय मी. रात्रीची झोप नाही. आणखी एकीचं मला झेपलं नसतं. म्हणून गप्प बसलो. नियमबियम काही नव्हतं. मला झेपलं नसतं."

एवढं बोलून मी रडलो. सत्तरीच्या माणसानं परक्या ठिकाणी असं रडू नये, पण रडलो. बायकोच्या आजारपणात कुणी मला विचारलं नव्हतं की तुला झेपतंय का, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

सिस्टर ऐकत होत्या. माझं रडणं थांबेपर्यंत त्यांनी काही केलं नाही. मग म्हणाल्या, "बरं."

तो शब्द मात्र त्यांच्या तोंडून सरळ आला, न अडखळता. त्याचा अर्थ माफ केलं असा होता, की नुसतं ऐकलं असा, ते मी विचारलं नाही. बाईनं चहा आणला. सिस्टरनी डाव्या हातानं घेतला, थोडा सांडला, मी पुसला. पाच वाजता भेटायची वेळ संपली.

त्यांची खोली घरमालकानं केव्हाच दुसऱ्याला दिली आहे. सिस्टर अजून तिथंच आहेत, मिरज रोडला.